इंदापूर नव्हे, इंदूर!

संपादक महोदय,

मुंबई दूरदर्शनच्या जुन्या कार्यक्रमांवरचा रविवारचा लेख वाचला. ‘गजरा’, ‘प्रतिभा आणि प्रतिमा’ ही नावं आम्हाला इंदुरात फक्त दादरच्या मावशीच्या पत्रांतून माहीत. मुंबई केंद्र १९७२ साली सुरू झालं खरं, पण आमच्या गच्चीवरच्या अँटेनाला पुढे दिसली ती दिल्ली! दूरदर्शनची मराठी उपग्रह वाहिनी निघाली १९९४ मध्ये (‘सह्याद्री’ हे बारसं २००० सालचं), आणि केबलवाल्याच्या कृपेने मराठी आमच्या घरात बोलू लागली. त्यामुळे आमचा जीव अडकलाय तो दुपारच्या गप्पांच्या कार्यक्रमांत.

रामबागेतल्या आमच्या घरी जेवणं, झाकपाक आटोपली की शेजारच्या तिघी-चौघी जमत. कुणी गहू निवडी, कुणी लसूण सोली. पडद्यावर कधी डॉक्टर, कधी लेखिका, मध्येच एखादं भावगीत आणि शेवटी काहीतरी खायचं. निवेदिका ‘कोथिंबीर’ म्हणाली की आई वहीत ‘हरा धनिया’ लिहायची.

एका कार्यक्रमात फोन करून डॉक्टरांना विचारता येई. एसटीडीचा, म्हणजे परगावच्या फोनचा, दर तेव्हा रात्री पाव, दुपारी पुरा. तरी आईने गुडघ्यांसाठी फोन लावलाच.

“कुठून बोलताय?”

“इंदूर.”

“अच्छा, इंदापूर!”

“अहो, इंदापूर नव्हे, इंदूर! अहिल्याबाईंचं!”

मग राजवाडा, सराफा, पोहे-जिलबी सगळ्याची चौकशी झाली आणि गुडघ्यापर्यंत पोहोचेतो वेळ संपली. आई महिनाभर मिरवत होती. बिल आल्यावर बाबा काय बोलले ते छापण्याजोगं नाही.

आता दुपारी टीव्ही लावावा तर काल रात्रीचंच भांडण पुन्हा. २०२० च्या टाळेबंदीत दूरदर्शनने ‘रामायण’ परत दाखवलं, तशा या दुपारच्या गप्पाही पेटाऱ्यातून काढाव्यात. मालिकांची आठवण सगळेच काढतात, पण या साध्या बायकी गप्पांना कुणी वाली नाही.

जाता जाता एक विनंती. आईच्या वहीत खांतोळीची (गुळाच्या गोड वड्यांची) कृती अर्धीच आहे. ‘गूळ विरघळला की’ इथपर्यंत लिहिलं आणि वीज गेली. आपल्या कुणा वाचक भगिनीने तेव्हा पुढचं उतरवून घेतलं असेल तर कृपया कळवावं.

— एक वाचक, रामबाग, इंदूर