भाषांतराला प्राध्यापकीत मान कधी?

संपादक महोदय, स.न.वि.वि.

स्पॅनिश शिकायला येणारी मुलं हल्ली खूप दिसतात, पण बहुतेकांना कॉल सेंटर किंवा आयटीतला जॉब हवा असतो, साहित्य शिकवायचं आणि भाषांतर करायचं हेही आयुष्यभराचं काम असू शकतं हे त्यांना कोणी सांगतच नाही. मी वर्गात ग्रेगरी राबासांबद्दल आवर्जून सांगते. न्यूयॉर्कचे प्राध्यापक, आधी कोलंबिया विद्यापीठ, मग क्वीन्स कॉलेज, शिकवता शिकवताच हुलिओ कोर्तासार या अर्जेंटिनाच्या लेखकाची स्पॅनिश कादंबरी इंग्रजीत आणली आणि १९६७ साली भाषांतराचं नॅशनल बुक अवॉर्ड मिळवलं. गंमत म्हणजे ते पुस्तक आधी वाचून न काढता वाचत वाचतच भाषांतर करत गेले, पुढे काय होणार याची उत्सुकता वाचकाइतकीच त्यांनाही! मग कोर्तासारनेच कोलंबिया देशातल्या गार्सिया मार्केस या कादंबरीकाराला सांगितलं की तुझ्या कादंबरीच्या भाषांतरासाठी राबासा मोकळे होईपर्यंत थांब, आणि तो खरंच थांबला. १९७० मध्ये ‘वन हंड्रेड इयर्स ऑफ सॉलिट्यूड’ हे ते भाषांतर आलं आणि मार्केस जगभर पोचला, आपल्याकडेही कितीतरी जणांनी तो आधी इंग्रजीतूनच वाचलाय.

आणि आपल्याकडे? माझ्या ओळखीतल्या एका प्राध्यापिकेने थेट स्पॅनिशवरून मराठीत कथा आणल्या, तर प्रमोशनच्या वेळी "हे संशोधन नाही" म्हणून बाजूला ठेवल्या. एकेका परिच्छेदासाठी चार डिक्शनऱ्या आणि त्या देशाचा इतिहास धुंडाळणं हे संशोधन नाही तर काय आहे? विद्यापीठांनी भाषांतराला शोधनिबंधाइतकेच गुण द्यावेत, आणि पुढच्या भरतीपासूनच द्यावेत.

– एक स्पॅनिश शिक्षिका, पुणे