माथेरानची ओळख आणि हातरिक्षा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

माथेरानमधील हातरिक्षा बंद करून त्यांच्या जागी ई-रिक्षा आणण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये दिल्यापासून ‘आता गावाची ओळखच पुसली जाणार’ अशी हळहळ अधूनमधून कानावर येते. अनेक वर्षे नेरळहून वर ये-जा करणारा वाचक म्हणून मला ती पटत नाही. गर्द झाडी, तांबड्या मातीचे रस्ते आणि पायी चालण्याची सवय ही माथेरानची ओळख आहे; माणसाने माणसाला ओढत चढावर नेणे ही गावात मोटारींना असलेल्या बंदीची किंमत होती, आणि ती पाहुण्यांनी कधीच मोजली नाही.

गावाचा इतिहास सांगतानाही आपण असेच करतो. ठाण्याचे जिल्हाधिकारी ह्यू मॅलेट मे १८५० मध्ये चौकच्या बाजूने डोंगर चढले आणि त्यांनी माथेरान ‘शोधले’, असे सर्रास लिहिले जाते. जणू धनगर, ठाकूर आणि कातकरी त्या रानात आधी वावरतच नव्हते! पुढे साहेबांनी बंगले बांधले, पॉइंटला लुईझा आणि तलावाला शार्लोट अशी नावे पडली. अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी १९०७ साली सुरू केलेली दोन फुटी रुळांची गाडी मात्र खरोखर कौतुकाची आहे. नेरळपासून सुमारे २० किलोमीटर वळसे घेत ती वर येते. त्यापूर्वी वर यायचे तर घोड्यावर, नाहीतर भोयांच्या खांद्यावरच्या पालखीतून.

याच गावात १९१२ साली एका नाभिक कुटुंबात भाई कोतवाल जन्मले. वकील झालेला हा माणूस शेतकऱ्यांसाठी धान्यकोठ्या चालवीत होता, बेचाळीसच्या लढ्यात विजेचे मनोरे पाडणाऱ्या आझाद दस्त्याचे नेतृत्व करीत होता आणि २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर इंग्रजांच्या गोळीला बळी पडला. शार्लोट कोण, हे ठाऊक नसतानाही तिचे नाव घेणाऱ्या किती पर्यटकांना कोतवालांचे नाव माहीत असते?

पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून २००३ साली मिळालेले संरक्षण ढिले पडेल, ही भीती मात्र मी निराधार मानत नाही. ई-रिक्षाच्या आडून उद्या, आज जिथे मोटारी थांबवाव्या लागतात त्या दस्तुरी नाक्यापुढे त्या सोडण्याची मागणी झाली, तर तिला ठाम विरोधच व्हायला हवा. त्याचबरोबर ई-रिक्षांचे परवाने आजवर हातरिक्षा ओढणाऱ्यांच्याच हाती पडतात, की भांडवल असलेल्या कोणा तिसऱ्याच्या, याचा आपल्या वार्ताहराने प्रत्यक्ष जाऊन शोध घ्यावा, ही विनंती.

आपला नम्र,
एक वाचक, नेरळ