शेजाऱ्याची बीपीची गोळी आपल्याला नको

महोदय,

'त्यांना लागू पडली ना, मग मलाही तीच द्या' असे म्हणून केमिस्टकडून बीपीची गोळी नेणारे कमी नाहीत. अॅम्लोडिपिन या बीपीच्या गोळीने काहींचे घोटे सुजतात. ती सूज पाण्याच्या (लघवी वाढवणाऱ्या) गोळीने फारशी उतरत नाही. डोस घटवावा किंवा औषध बदलावे लागते. रॅमिप्रिल, एनालाप्रिल या बीपीच्याच गोळ्यांनी काहींना कोरडा खोकला लागतो आणि रुग्ण बिचारा कफ सिरपच्या बाटल्या रिचवत बसतो. मधुमेहात लघवीतून अल्ब्युमिन हे प्रथिन जात असेल, तर टेल्मिसार्टनसारखे बीपीचे औषध मूत्रपिंडही जपते. मात्र गरोदरपणात ते अजिबात चालत नाही, आणि सुरू केल्यावर एक-दोन आठवड्यांत रक्तातले क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारा घटक) व पोटॅशियम पाहावे लागते. नेमकी हीच तपासणी राहून जाते. क्लोरथॅलिडोन या लघवी वाढवणाऱ्या बीपीच्या गोळीने वयस्करांच्या रक्तातले सोडियम घसरू शकते.

सत्तरीपुढच्यांचे बीपी बसून मोजल्यावर उभे करून १ आणि ३ मिनिटांनी पुन्हा मोजावे. वरचा आकडा २० किंवा जास्त उतरला, तर डोस वाढवण्याची घाई नको. गुडघ्यासाठी डायक्लोफिनॅक ही वेदनाशामक गोळी चालू आहे का, हेही विचारावे. त्यानेही बीपी चढते. आणि जाड दंडाला बीपी मोजण्याचा लहान पट्टा बांधला, तर आकडा उगाचच चढा दिसतो.

– एक फॅमिली डॉक्टर, सातारा