फॉर्म्युला वन मागितलं, फॉर्म्युला वनच दाखवलं, तरी तक्रार का?

कोल्हापूर
दि. २२ जुलै

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय : इंग्लंड सहलीत ठरलेल्या दोन शर्यती न दाखवल्याबद्दल तक्रार आणि रक्कम परत मिळण्याबाबत.

महोदय,

मी आणि माझा चौदा वर्षांचा नातू आपल्या इंग्लंड सहलीहून गेल्या आठवड्यात परत आलो. विमान, हॉटेल, जेवण याबद्दल माझं काही म्हणणं नाही. सहाव्या दिवशीसुद्धा पोह्यांत कढीपत्ता होता, तेव्हा स्वयंपाक्याला माझा नमस्कार कळवावा. तक्रार आहे ती आम्ही माणशी ४१,००० रुपये जादा भरून घेतलेल्या दोन दिवसांची.

आपल्या पावतीवर स्वच्छ दोन ओळी छापलेल्या आहेत. शनिवार, किंग्ज लिन, ब्रिस्का फॉर्म्युला वन स्टॉक कार. रविवार, इप्सविच, फॉक्सहॉल स्टेडियम, नॅशनल हॉट रॉड वर्ल्ड फायनल. पहिली बंपरने एकमेकांना ढकलत पळणाऱ्या गाड्यांची शर्यत, दुसरी न टेकता पळणाऱ्या हलक्या गाड्यांची. ही नावं मी आपल्या इथल्या ऑफिसात बसून कागदावर लिहून दिली होती आणि काउंटरवरच्या मॅडमनी स्पेलिंग दोनदा विचारून घेतलं होतं.

शनिवारी बस थांबली ती सिल्व्हरस्टोनला, म्हणजे टीव्हीवर दिसतात त्या ग्रां प्रीवाल्या फॉर्म्युला वनच्या ट्रॅकवर. मी गाईडना पावती दाखवली. ते म्हणाले, "काका, फॉर्म्युला वनचं माहेरघर हेच. तुम्ही उतरा तर खरं." सिल्व्हरस्टोनला मी नावं ठेवत नाही. १३ मे १९५० रोजी फॉर्म्युला वनच्या जागतिक अजिंक्यपदाची पहिली शर्यत तिथेच झाली, आणि म्युझियमही नीटनेटकं आहे. पण आम्ही म्युझियम बघायला गेलो नव्हतो. परतल्यावर फोन केला तर आपल्या ऑफिसातून उत्तर मिळालं, "सर, फॉर्म्युला वन मागितलं, फॉर्म्युला वनच दाखवलं." म्हणजे खासबागेतल्या कुस्तीचं तिकीट काढणाऱ्याला कबड्डीला नेऊन बसवायचं आणि म्हणायचं, मातीतलाच खेळ आहे ना!

तेव्हा फरक सांगणं भाग आहे. इंग्लंडात स्टॉक कारची शर्यत सुरू झाली १९५४ साली, गुड फ्रायडेच्या दिवशी, लंडनच्या न्यू क्रॉस स्टेडियमवर. तेव्हा जुन्या गाड्यांना लोखंडी बंपर जोडून पळवायचे. आज 'स्टॉक' हे नुसतं नावापुरतं उरलंय. ब्रिस्का फॉर्म्युला वनची गाडी म्हणजे वर्कशॉपात वेल्डिंग करून उभी केलेली पोलादी चासी, पुढे-मागे दणकट बंपर, डोक्यावर भलामोठा पंख आणि आत सहाशेच्या वर हॉर्सपॉवरचं व्ही-एट इंजिन. ट्रॅक जेमतेम पाव मैलाचा, लंबगोल. पुढची गाडी वाट देत नसेल तर बंपर लावून तिला बाजूला सारायचं, हे नियमातच बसतं. शेवटच्या वळणावर मागून धडक देऊन पहिला नंबर हिसकावला तर त्याला 'लास्ट बेंडर' म्हणतात आणि लोक त्यासाठीच उभे राहतात. सिल्व्हरस्टोनवर कुणी असं करून दाखवावं!

सगळ्यात गंमत छपरांच्या रंगात आहे. नवख्याचं छप्पर पांढरं, मग पिवळं, निळं, तांबडं. त्याहून वरच्यांच्या तांबड्या छपरावर लुकलुकणारे दिवे. जगज्जेत्याचं छप्पर सोनेरी. आणि शर्यत सुरू होताना पांढरे सगळ्यांत पुढे, तर दिवेवाले नि सोनेरी सगळ्यांत मागे! ग्रां प्रीमध्ये जो सर्वांत वेगवान तो पहिल्या जागेवरून सुटतो. इथे जो सर्वांत भारी त्याला अख्खा घोळका फोडून पुढे यावं लागतं. त्या संध्याकाळची मुख्य फायनल जिंकणाऱ्याला पुढच्या शर्यतीत एक फेरी मागून सोडतात. अशी शिक्षा मी दुसऱ्या कुठल्या खेळात पाहिलेली नाही.

पीटरबरोला नोकरी करणाऱ्या माझ्या भाच्याने लॉकडाऊनमध्ये व्हिडिओ पाठवले, तेव्हापासून नातू यात बुडालेला. त्याने दोनशे पानी वही भरून काढली आहे. जॉन लंड या चालकाचा ५३ नंबर आणि त्यांची आठ जागतिक अजिंक्यपदं, स्मिथ घराण्याचे ३९० नि ३९१, वेनमन यांचा ५१५, आणि प्रत्येक नंबराखाली खडूने रंगवलेली छपरं. किंग्ज लिनचा ट्रॅक मातीचा, म्हणजे शेलचा. वळणावर चिखल प्रेक्षकांच्या अंगावर येतो हे कळल्यावर त्याने जुना रेनकोट बॅगेत भरला होता. आवाजाने कान बसतात म्हणून मी शाहूपुरीतून कानावर लावायचे दोन मफ घेतले. ते अजून प्लास्टिकच्या पिशवीत तसेच आहेत. फोटो सोबत जोडला आहे.

आता रविवार. इप्सविचला आम्ही पोचलो तरी. पण वाटेत आपल्या कार्यक्रमात नसलेल्या एका शॉपिंग मॉलमध्ये अडीच तास गेले. फॉक्सहॉलला गेल्यावर गाईडनी बाकीच्या मंडळींना सांगितलं, "आता बघा, गाड्या कशा एकमेकींना फोडतात ते." इथेच सगळा घोटाळा झाला. हॉट रॉडमध्ये धडक देणं हा गुन्हा आहे. हलक्या, दोन लिटर इंजिनाच्या, टिग्रा नाहीतर प्यूजो २०६ सारख्या दिसणाऱ्या गाड्या आरशाला आरसा लावून फेरीमागून फेरी पळतात, आणि सगळं कसब न टेकता पुढे जाण्यात असतं. फोडाफोडी असते ती बँगर नावाच्या तिसऱ्याच प्रकारात. फोडाफोडीची आशा लावलेली मंडळी अर्ध्या तासात कंटाळली. फायनल ७५ फेऱ्यांची असते. आयर्लंडपासून दक्षिण आफ्रिकेपर्यंतचे चालक वर्षभर पात्रता मिळवून त्या एका शर्यतीसाठी येतात. त्यातल्या २२ फेऱ्या झाल्या असताना गाईडनी बसमध्ये हात वर करून मत घेतलं आणि बस लंडनकडे निघाली. आमचे दोन हात विरुद्ध होते. पैसे भरलेल्या कार्यक्रमावर मतदान घेण्याची पद्धत आपल्या नियमावलीत कुठल्या पानावर आहे, ते कळवावं.

शर्यतीआधी दहा मिनिटं पिट्समध्ये, म्हणजे गाड्या तयार करतात त्या जागेत, जाता आलं, तेवढंच काय ते हाती लागलं. तिथे कुणीही जाऊ शकतं, दोरी नाही की पहारेकरी नाही. एका गाडीचा पुढचा अख्खा सांगाडा उचलून गवतावर ठेवला होता आणि बारा-तेरा वर्षांची एक मुलगी टायरला गेज लावून हवा बघत होती आणि आकडा खडूने टायरवरच लिहीत होती. शेजारी तिचे वडील असावेत, सस्पेन्शनचा नट आवळत होते. माझं आयुष्य शिवाजी उद्यमनगरात लेथवर गेलं. त्या माणसाचे हात बघून मला भाषेची गरज पडली नाही. त्याने मला खाली वाकून ॲक्सल दाखवला, आणि मी काही विचारणार तोच आपल्या गाईडची शिट्टी वाजली.

फोनवर मला दहा हजारांचं व्हाउचर देऊ केलं गेलं, आपल्या दुबई सहलीत वापरण्यासाठी. दुबईला मला जायचं नाही. "पुढच्या वर्षी परत या, नक्की दाखवतो" असंही सांगितलं गेलं. माझं वय ६८ आहे. आणि ट्रॅकही कायम राहतात असं नाही. कव्हेंट्रीचं ब्रँडन २०१६ नंतर बंद पडलं, लंडनमधलं विम्बल्डन २०१७ मध्ये गेलं आणि त्या जागी आता फुटबॉलचं मैदान आहे. नातवाच्या वहीत त्या दोन्ही पानांवर काळी चौकट आहे.

माझ्या मागण्या साध्या आहेत. दोघांचे मिळून ८२,००० रुपये परत करावेत, व्हाउचर नको. झाल्या प्रकाराचा लेखी खुलासा करावा. आणि आपल्या माहितीपत्रकात 'फॉर्म्युला वन' या एकाच शब्दाखाली दोन वेगळे खेळ विकले जात आहेत ते थांबवावं, म्हणजे पुढच्या माणसाचा रेनकोट तरी बॅगेत पडून राहणार नाही. पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत उत्तर आलं नाही, तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. पावती, लिहून दिलेल्या चिठ्ठीची प्रत आणि बसमधल्या मतदानाचा नातवाने काढलेला व्हिडिओ माझ्यापाशी आहे.

आणखी एक. नातवाची ती वही इप्सविचहून निघताना गाईडनी "बघू जरा" म्हणून घेतली, ती परत मिळालेली नाही. निळं कव्हर, पहिल्या पानावर सोनेरी छप्पर. पैशांचा हिशेब आपल्या वेगाने होऊ द्या, पण वही या आठवड्यात कुरिअरने पाठवा. पत्ता बुकिंग अर्जावर आहेच.

कळावे,
आपला ग्राहक
(सही)

सोबत : पावतीची प्रत, चिठ्ठीची प्रत, न उघडलेल्या मफचा फोटो