मंत्रिमहोदय, तुमचा इशारा सोमवारी पोहोचला

माननीय विज्ञानमंत्री महोदय,

सविनय नमस्कार.

आपण कामात असाल, म्हणून थेट मुद्द्यावर येतो. सोमवारी सकाळी अकराला आपल्या खात्याचा संदेश मोबाइलवर आला : भूचुंबकीय वादळाची, म्हणजे सूर्याकडून आलेल्या लोटाने पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र ढवळण्याची, शक्यता. वादळ शनिवारी पहाटे सुरू झालं होतं आणि रविवारी रात्री ओसरलंही होतं. ‘शक्यता’ हा शब्द भूतकाळातही चालतो, हे नव्यानेच कळलं.

मी चुंबकीय सर्वेक्षण करतो. मॅग्नेटोमीटर, म्हणजे चुंबकीय क्षेत्र मोजणारं यंत्र, घेऊन रानातून सरळ रेषेत चालायचं, दर पाच मीटरवर थांबून रीडिंग घ्यायचं. खाली डाइक, म्हणजे काळ्या खडकाची गाडलेली भिंत असली, तर आकडा ४०-५० नॅनोटेस्लांनी (हे चुंबकीय क्षेत्र मोजायचं एकक) हलतो. पृथ्वीचं स्वतःचं क्षेत्र जागेनुसार २५ ते ६५ हजार. त्यात हे ४० हुडकायचे. शनिवारी दिवसभर चाललो. संध्याकाळी बेस स्टेशनची, म्हणजे एकाच जागी ठेवलेल्या दुसऱ्या यंत्राची, नोंद उघडली, तर रेघ नेहमीपेक्षा २०० नॅनोटेस्लांहून जास्त खाली कोसळलेली आणि करवतीसारखी दातेरी. असे दिवस बाद, अशी करारात अट आहे. अडीच हजार रीडिंग गेली, की तीन हजार, मोजायला जीव नाही. रविवार रिकामा बसून गेला. मजुरी माझ्या खिशातून, टाचेचा फोड अजून ओला. बरोबरचा पोरगा विचारतो, “सर, बिल सूर्याला पाठवायचं का?”

मे २०२४ मध्ये दोन दशकांतलं सर्वांत मोठं वादळ आलं. ध्रुवीय प्रकाश नेहमी दिसत नाही अशा ठिकाणीही आकाश लाल झालं, सगळ्यांनी फोटो काढले. त्यानंतर आपणच व्यासपीठावरून शब्द दिला होता की पुढचा इशारा वेळेत हातात पडेल. मी टाळ्या वाजवल्या होत्या, हे कबूल करतो.

आणि यात भविष्य सांगायचं नाहीये. सूर्यावरून प्लाझ्माचा, म्हणजे विद्युतभारित वायूचा, लोट सुटला की पोहोचायला बहुधा एक ते तीन दिवस लागतात. १८५९ च्या गाजलेल्या वादळाचा प्रचंड लोटही साडेसतरा तासांनी आला. लोटाबरोबरचं चुंबकीय क्षेत्र दक्षिणेकडे झुकलेलं असलं, तर पृथ्वीच्या चुंबकीय कवचाला दार पडतं, पृथ्वीभोवती कड्यासारखा फिरणारा विद्युतप्रवाह, म्हणजे वलयप्रवाह, फुगतो आणि त्याचं क्षेत्र पृथ्वीच्या उलट असल्याने माझ्या यंत्रातला आकडा घसरतो. हा झुकाव नेमका कळतो तो १५ लाख किलोमीटरवरच्या उपग्रहांना, म्हणजे शेवटच्या तासाभरात. तेवढी सूट मी आनंदाने देतो. आपण घेतलीत दोन दिवसांची, आणि तीही उलट्या दिशेने!

माझं काय, मी पुन्हा चालेन. पण मार्च १९८९ मध्ये कॅनडातल्या क्विबेकचं वीजजाळं दीड मिनिटात आडवं झालं, ६० लाख लोक नऊ तास अंधारात. फेब्रुवारी २०२२ मध्ये तर किरकोळ वादळात वातावरण फुगलं आणि नुकतेच सोडलेले ४९ पैकी ३८ उपग्रह गेले. ही कागदं आपल्या खात्यात नसतील असं नाही. ती उघडायला माणूस नसेल. शनिवारी मी फोन केला, तो वाजत राहिला. सूर्याला साप्ताहिक सुट्टी नसते, हे सेवानियमांत कुठं घालता येईल का?

उपग्रह सोडताना नियंत्रणकक्षात उभं राहायला जागा नसते. त्यानंतर दररोज आकडे वाचणाऱ्याची जागा मात्र रिक्त. उद्घाटनाला निधी, देखभालीला ‘प्रस्ताव विचाराधीन’. १८५९ च्या त्याच वादळात मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत चुंबकीय क्षेत्राच्या आडव्या घटकात सुमारे १६०० नॅनोटेस्लांची घट नोंदवली गेली. आजही जगभरचे अभ्यासक ती नोंद उघडतात. ती माणसांनी बसून लिहिली होती, रात्रीसुद्धा. पुढे विजेच्या ट्राम येणार म्हणून वेधशाळाच अलिबागला हलवली. ट्रामच्या विजेने चुंबकसुईचा कारभार बिघडू नये म्हणून! तेव्हा राज्य परक्यांचं होतं, एवढंच म्हणतो आणि गप्प बसतो.

माझ्या मागण्या दोनच. इशारा माणसाच्या सहीसाठी थांबू नये, आकडा ठरलेल्या पातळीवर गेला की आपोआप सुटावा. आणि जवळच्या वेधशाळेची नोंद त्याच दिवशी पाहता यावी, पुढच्या महिन्यात नाही. नुकसानभरपाई मागत नाही. तो अर्ज कोणत्या खिडकीत द्यायचा, हे ठरेपर्यंत पुढचं सौरचक्र येईल.

आज केपी निर्देशांक, म्हणजे चुंबकीय खळबळीचं शून्य ते नऊ असं माप, दोनवर आहे, म्हणजे शांत. पहाटे पाचला पहिल्या रेषेपासून पुन्हा सुरुवात करतो.

आपला,
एक मॅग्नेटोमीटरवाला