केस मॅनेजरचा पगार म्हणजे गळती नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अमेरिकेत बेघर माजी सैनिकांसाठी सरकार जे अनुदान देते, त्यातला निम्मा पैसा ‘पगार आणि कागदपत्रांत’ जातो, त्यापेक्षा तो थेट त्या माणसाच्या हातावर का ठेवत नाहीत, असा सूर वाचकांच्या पत्रांत अधूनमधून उमटतो. इथे न्यू जर्सीतल्या मराठी मंडळांत देणगीचा विषय निघाला की पहिला प्रश्नही ठरलेला असतो: ‘ॲडमिनवर किती टक्के?’ प्रश्न रास्त वाटतो, पण त्याच्या उत्तरातून संस्था चांगली की वाईट हे कळत नाही. या अनुदानांचे हिशेब सांभाळणाऱ्यांना रोज जे दिसते, ते वाचकांपुढे मांडावे म्हणून हे पत्र.

आधी दोन आकडे. अमेरिकेत दरवर्षी जानेवारीतल्या एका रात्री बेघरांची मोजणी होते. २०१० मध्ये त्यात ७४,०८७ माजी सैनिक होते. २०२४ मध्ये ३२,८८२. त्याच २०२४ मध्ये देशातील एकूण बेघरांची संख्या मात्र ७,७१,४८० वर गेली, मोजणी सुरू झाल्यापासून सर्वात जास्त. घरभाडी सगळ्यांचीच वाढली. मग माजी सैनिकांचाच आकडा कसा उतरला? त्यांच्या बाबतीत भाड्याचा पैसा आणि पाठपुरावा करणारा माणूस या दोन गोष्टी एकाच योजनेत बांधल्या गेल्या, हे त्याचे मोठे कारण.

‘हड-व्हॅश’ ही योजना घ्या. गृहनिर्माण खाते भाड्याचे व्हाउचर देते, माजी सैनिकांचे खाते म्हणजे व्हीए केस मॅनेजर, म्हणजे पाठपुरावा करणारा माणूस, देते. सैनिक आपल्या उत्पन्नाच्या साधारण ३० टक्के भरतो, उरलेले भाडे व्हाउचरमधून जाते. आजवर अशी एक लाखाहून अधिक व्हाउचर वाटली गेली. पण सहसा व्हीएच्या शिफारशीशिवाय स्थानिक गृहनिर्माण प्राधिकरण व्हाउचर कोणाला देऊ शकत नाही, आणि शिफारस करणारा केस मॅनेजरच जागेवर नसेल तर मंजूर व्हाउचर तसेच पडून राहते. बाहेर रस्त्यावर माणूस झोपलेला असतो तेव्हाही. नियम बदलले तरी हीच गोष्ट. ऑगस्ट २०२४ पर्यंत सैनिकाला अपंगत्वापोटी मिळणारा भत्ता पात्रता ठरवताना उत्पन्नात धरत, त्यामुळे जास्त जखमी झालेलाच बाद व्हायचा. आता पात्रतेसाठी तो धरत नाहीत. भाड्यातला वाटा काढताना मात्र धरतात. नियम सुधारला, उत्तम. पण पूर्वी नाकारलेल्या फायली शोधून त्या माणसांना पुन्हा गाठायचे काम त्या ‘ॲडमिन’वाल्यांच्याच गळ्यात येते.

दुसरी योजना एसएसव्हीएफ, म्हणजे माजी सैनिकांच्या कुटुंबांना आधार देणारी व्हीएची योजना. २००८ च्या कायद्याने आली, २०११ पासून संस्थांना अनुदाने मिळू लागली. घर गेलेल्याला लवकर घर मिळवून देणे आणि जाण्याच्या बेतात असलेले वाचवणे, एवढेच तिचे काम. हिच्यात भाडे, डिपॉझिट, विजेची थकबाकी यांचा एक पैसाही कुटुंबाच्या हातात जात नाही. चेक घरमालकाच्या किंवा वीज कंपनीच्या नावे निघतो. शिवाय अशा मदतीवर अनुदानाच्या निम्म्याहून जास्त खर्च करायचा नाही आणि प्रशासनावर १० टक्क्यांहून जास्त नाही, अशी अट असते. उरलेला पैसा काम करणाऱ्या माणसांच्या पगारावर खर्च व्हावा असाच योजनेचा आराखडा आहे. ‘निम्मे पगारात गेले’ अशी ओरड करणाऱ्याने हे आधी बघावे.

एका भाड्याच्या चेकमागे काय असते, तेही पाहा. तो माणूस खरोखर सैनिक होता का, हे व्हीएच्या ‘स्क्वेअर्स’ नावाच्या ऑनलाइन यंत्रणेत तपासायचे. तिथे पत्ता लागला नाही तर डीडी-२१४ हा सेवामुक्तीचा दाखला मिळवायचा. अप्रतिष्ठित सेवामुक्ती (गंभीर गुन्ह्यापायी सैन्यातून काढलेले) असेल तर विषय तिथेच संपला. मग कुटुंबाचे उत्पन्न त्या भागाच्या मध्यम उत्पन्नाशी ताडून बघायचे. काल रात्री तो कुठे झोपला याचा लेखी पुरावा हवा: निवाऱ्याचे पत्र, नाहीतर रस्त्यावर फिरणाऱ्या कार्यकर्त्याची नोंद. घर सापडले की आसपासच्या तशाच घरांची भाडी काढून ‘हे भाडे वाजवी आहे’ हे दाखवायचे. घर राहण्याजोगे आहे का, याची तपासणी माणूस आत जाण्याआधी झाली पाहिजे: धुराचा अलार्म, गरम पाणी, उघडणारी खिडकी, दाराचे कुलूप. घरमालकाचा डब्ल्यू-९ (नाव आणि करक्रमांकाचा फॉर्म), त्या घराची मालकी त्याच्याकडेच असल्याची काउंटीच्या दप्तरातली नोंद, सही झालेला भाडेकरार, आणि मग चेक.

यात चुकते कुठे, तर फार साध्या जागी. भाडेकरारावर मालकाचे स्वतःचे नाव आणि डब्ल्यू-९ वर त्याच्या कंपनीचे. तपासणीचा कागद मंगळवारचा आणि चेक सोमवारचा. वीजबिल सैनिकाच्या मेहुण्याच्या नावावर. एजंट सही करतो, पण मालकाने त्याला अधिकार दिल्याचे पत्र फायलीत नसते. पैसा योग्य माणसासाठी, योग्य घरावर गेलेला असला तरी ऑडिटर त्या खर्चावर आक्षेप घेऊ शकतो, आणि व्हीएने तो अमान्य केला की ती रक्कम संस्थेला आपल्या खिशातून भरावी लागते. दर तीन महिन्यांनी पात्रता नव्याने तपासायची असते. एका केस मॅनेजरवर झेपतील त्याहून जास्त कुटुंबे टाकली की पहिली ही तारीखच हुकते, आणि त्यानंतर दिलेले भाडे वादात सापडते. म्हणजे ‘पगार वाचवला’ म्हणून टाळ्या घेतलेल्या संस्थेला भाड्याचे पैसे परत करायची पाळी येते. असली काटकसर फार महागात पडते.

टाइमशीटचेही तसेच. केस मॅनेजरचा ६० टक्के पगार एका अनुदानातून आणि ४० टक्के दुसऱ्यातून, असे अंदाजपत्रकात असते. कार्यालयात कोणीतरी दर पंधरवड्याला डोळे मिटून ६०-४० भरत राहतो. संघराज्याचे खर्चनियम स्पष्ट सांगतात की अंदाजपत्रकातला टक्का हा पगाराचा पुरावा नव्हे. प्रत्यक्ष केलेल्या कामाची नोंद हवी. एखाद्या पंधरवड्यात ७५-२५ काम झाले असेल तर तसेच लिहावे आणि हिशेब नंतर दुरुस्त करावा. ओळीने सगळे ६०-४० दिसले की ऑडिटरला आपोआप शंका येते.

पैसा कधी उचलायचा यालाही वेसण आहे. एसएसव्हीएफमध्ये व्हीएच्या लेखी परवानगीशिवाय पहिल्या तिमाहीत एकूण अनुदानाच्या ३५ टक्क्यांवर, दुसरीअखेर ६० वर आणि तिसरीअखेर ८० वर जाता येत नाही. वर्ष ऑक्टोबरमध्ये सुरू होते. लगेच थंडी येते, मागणी एकदम वाढते आणि पहिल्या तिमाहीतच ३५ चा आकडा जवळ येतो. उलट फार हळू खर्च केला तर व्हीए उरलेला पैसा काढून दुसऱ्या संस्थेला देऊ शकते. अशा वेळी सोपी वाट म्हणजे घर टिकवण्याच्या मदतीवर पैसा उडवणे, कारण ज्याचे घर आहे त्याचा चेक दोन दिवसांत निघतो. रस्त्यावरच्या माणसासाठी घर शोधायला आठवडे लागतात. म्हणून चांगली संस्था दर महिन्याला खर्चाच्या आकड्याबरोबर त्यातले किती रस्त्यावरच्यांसाठी गेले, हेही पाहते.

तिसरी योजना ग्रँट अँड पर डीएम: तात्पुरत्या निवासातल्या खाटेमागे रोजचा ठरावीक दर, जास्तीत जास्त २४ महिने. मेख अशी की पैसे फक्त भरलेल्या खाटेचे मिळतात. समजा २० खाटा आहेत आणि दर ७० डॉलर. सगळ्या भरल्या तर ३० दिवसांचे ४२,००० डॉलर. १४ भरल्या तर २९,४००. रात्रपाळीचा माणूस, वीज, विमा यांचा खर्च दोन्ही वेळा तेवढाच. त्यामुळे माणसाला लवकर कायमच्या घरात पाठवणारी संस्थाच आर्थिक कोंडीत सापडते. हा दोष योजनेच्या रचनेतला आहे, आणि एक माणूस बाहेर पडायच्या आधीच पुढच्याची कागदपत्रे तयार ठेवणे हाच त्यावर इलाज. तेही पुन्हा पगारी माणसाचेच काम.

आता देणगीविषयी. मंडळे ब्लँकेट, गाद्या, भांडी गोळा करतात. त्याला नावे ठेवायची नाहीत. पण सर्वात दुर्मीळ असतो तो अटी नसलेला पैसा. बरेचसे अनुदान खर्च झाल्यावर हाती येते, तोवर दोन-तीन महिन्यांचे पगार बँकेच्या उचलीतून भागवावे लागतात, आणि त्या उचलीवरचे व्याज संघराज्याच्या नियमांनुसार अनुदानात धरता येत नाही. ऑडिटमध्ये अमान्य झालेली रक्कम, एखादा दंड, अप्रतिष्ठित सेवामुक्तीमुळे अपात्र ठरलेल्या माणसाची दोन रात्रींची सोय, हे सगळे याच पैशातून निघते. ‘माझे शंभर डॉलर थेट सैनिकालाच गेले पाहिजेत’ अशी अट घातली की नेमका हाच पैसा आटतो.

महाराष्ट्रातल्या वाचकांनाही हे परके नाही. कंपनी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात माजी सैनिक, युद्धविधवा आणि त्यांच्या आश्रितांसाठीचा खर्च सीएसआरमध्ये, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीच्या खर्चात, धरला जातो. तिथे पाच टक्के प्रशासकीय खर्चाची मर्यादा आहे, पण ती कंपनीने स्वतःचा सीएसआर विभाग चालवण्यावर केलेल्या खर्चाला लागू होते. प्रकल्पावर काम करणाऱ्या संस्थेच्या समुपदेशकाचा किंवा समाजसेवकाचा पगार हा प्रकल्पाचाच खर्च, असे केंद्र सरकारने स्पष्ट केलेले आहे. तरीही करार करताना संस्थांवर तोच पाच टक्क्यांचा आकडा लादला जातो आणि संस्थाही मुकाट्याने सही करतात. सही करण्याआधी हे स्पष्टीकरण कंपनीच्या लोकांपुढे ठेवावे.

अमेरिकेतल्या संस्थेला देणगी द्यायची असेल तर टक्क्यांऐवजी तीन गोष्टी विचाराव्यात. बेघर सैनिकांच्या यादीत नाव आल्यापासून हातात किल्ली पडेपर्यंत सरासरी किती दिवस लागतात. ९० च्या आत असेल तर काम चांगले समजावे. एका केस मॅनेजरकडे किती कुटुंबे आहेत. आणि मागच्या ऑडिटमध्ये काय आढळले. तिसऱ्याचे उत्तर संस्थेने दिले नाही तरी मिळते. वर्षाला दहा लाख डॉलर किंवा अधिक संघराज्याचा पैसा खर्चणाऱ्या संस्थेला (१ ऑक्टोबर २०२४ च्या आधी सुरू झालेल्या वर्षांसाठी ही मर्यादा साडेसात लाख होती) ‘सिंगल ऑडिट’, म्हणजे अशा सगळ्या पैशाचे एकत्रित ऑडिट, करावेच लागते, आणि ते अहवाल ‘फेडरल ऑडिट क्लिअरिंगहाउस’च्या संकेतस्थळावर कोणालाही फुकट पाहता येतात. त्यात शेवटाकडचा, आढळलेल्या त्रुटींचा भाग उघडावा. एखादी त्रुटी असणे विशेष नाही. तीच त्रुटी ‘पुनरावृत्त’ असा शेरा घेऊन दुसऱ्या वर्षीही आली असेल, तर संस्थेला फोन करून ती का सुटली नाही हे विचारावे. बहुतेक वेळा उत्तर असते: ते पद रिकामे आहे.

आपले,
अनुदान-व्यवस्थापनाचे काम करणारे काही मराठी वाचक, न्यू जर्सी