रेझिनचे इंजिन दोन दिवसांत होत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतील सुटीच्या छंदांवरील लेखात रेल्वे इंजिनाच्या छोट्या मॉडेलचे रेझिन किट (रेझिनचे ओतीव तुकडे घरी जोडून रंगवायचे असा संच) ‘दोन दिवसांत होणारे, शाळकरी मुलांना सहज जमणारे’ ठरवले आहे. तुकडे कापा, फेव्हिक्विकने चिकटवा, स्प्रे मारा, झाले! ही कृती प्लास्टिकच्या किटलाही जेमतेम लागू पडते, रेझिनला तर नाहीच. त्यात घासताना उडणाऱ्या धुळीबद्दल लेखात चकार शब्द नाही, म्हणून हे पत्र. उदाहरण डब्ल्यूडीएम-2 या डिझेल इंजिनाचे घेतो. ही इंजिने 1962 मध्ये अमेरिकेच्या आल्को कंपनीकडून आली आणि 1964 पासून वाराणसीला बनू लागली. 2600 अश्वशक्ती, सोळा सिलिंडर, तीन-तीन आसांच्या दोन बोगी (बोगी म्हणजे इथे डबा नव्हे, इंजिनाखालची चाकांची चौकट). कल्याण आणि पुण्याच्या डिझेल शेडमुळे महाराष्ट्रातल्या रेल्वेवेड्यांना ती घरचीच वाटतात.

प्लास्टिकचे किट पोलादी साच्यातून हजारोंनी निघते. रेझिनचे किट सिलिकॉन रबराच्या साच्यात हाताने ओततात. एक साचा पंचवीस-तीस ओतकामांनंतर थकतो, मग रिव्हेट पुसट होतात आणि दारांच्या कडा गोलसर दिसू लागतात. त्यामुळे खोका उघडल्यावर पहिले काम जोडणीचे नाही, तपासणीचे. दिवा तिरपा धरून प्रत्येक तुकडा पाहावा. हवेचे बुडबुडे, अर्धवट भरलेले कोपरे, कडेला पापुद्र्यासारखे राहिलेले जादा रेझिन सगळे तेव्हाच दिसते. बदली तुकडा मागायचा तर याच दिवशी मागता येतो. एकदा कानस लागली की विकणारा ऐकत नाही, आणि त्यात त्याची चूकही नाही.

दुसरे काम धुण्याचे. साच्यातून तुकडा सुटावा म्हणून लावलेल्या द्रव्याचा अंश पृष्ठभागावर राहतो. तो डोळ्यांना दिसत नाही, पण रंगाला कळतो. कोमट पाणी, भांड्यांचे लिक्विड, जुना मऊ टूथब्रश. मग स्वच्छ पाणी आणि शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलचा हात. धुतल्यावर तुकडे बोटांनी हाताळू नयेत, कडेने धरावेत. ही पायरी गाळली तर शिक्षा फार उशिरा मिळते. दोन रंगांमधली पट्टी काढायला लावलेली मास्किंग टेप ओढली की खालचा रंग प्रायमरसकट सालीसारखा निघून येतो. लोक टेपला दोष देतात.

थ्रीडी प्रिंटरवर काढलेली किटही हल्ली ‘रेझिन’ म्हणूनच विकली जातात. ते रेझिन वेगळे, अतिनील प्रकाशाने घट्ट होणारे. छापून नीट न धुतलेला, पुरता न पिकवलेला, म्हणजे प्रकाशात पूर्ण घट्ट न केलेला तुकडा चिकट लागतो. असा तुकडा नायट्राइलचे हातमोजे घालूनच हाताळावा, कारण कच्च्या रेझिनची त्वचेला ॲलर्जी होते आणि एकदा झाली की ती जन्मभर पाठ सोडत नाही. अल्कोहोलने पुन्हा धुऊन, पूर्ण वाळवून, 405 नॅनोमीटरच्या दिव्याखाली पिकवावा. धुतलेले अल्कोहोल बेसिनमध्ये ओतू नये. पारदर्शक बरणीत उन्हात ठेवले की त्यातले रेझिन घट्ट होऊन तळाशी बसते, ते गाळून टाकता येते.

आता वाकडेपणा. लांब हूड (इंजिनावरचे लांबट आवरण) आणि अंडरफ्रेम (त्याखालची चौकट) हे दोन तुकडे सरळ आले तर नशीब समजावे. मांडीवर ठेवून दाबू नये, रेझिन तडकते. 60 ते 70 अंश तापलेल्या पाण्यात मिनिटभर बुडवावे, मऊ पडले की काचेच्या तुकड्यावर सपाट धरून वर वजन ठेवावे आणि पूर्ण थंड होईपर्यंत हात लावू नये. गरम असतानाच उचलले तर ते पुन्हा जुन्याच वळणावर जाते. याच कारणाने तयार मॉडेलही एप्रिलमध्ये पत्र्याच्या माळ्यावर किंवा उन्हातल्या गाडीत ठेवू नये.

बारीक भाग, म्हणजे होज पाइप, वायपर, हॉर्न, एका पातळ पापुद्र्यात एकत्र ओतलेले असतात. ते सुरीने कापायला गेले की मोडतात. काचेवर वॉटर पेपर ठेवून पापुद्र्याची मागची बाजू गोल-गोल घासावी. पापुद्रा झिजून जवळजवळ पारदर्शक झाला की भाग आपोआप सुटे होतात.

आणि घासायचे ते नेहमी ओलेच. 400, मग 600, मग 800 नंबरचा वॉटर पेपर आणि ताटात पाणी. कोरडे घासले तर पीठासारखी धूळ उडते आणि ती फुप्फुसात जाते. ड्रिल किंवा कोरडी कानस चालवताना एन-95 मास्क हवाच, रुमाल नव्हे. टेबल झाडूने झाडू नये, ओल्या फडक्याने पुसावे. स्वयंपाकघराच्या ओट्यावर तर हे काम करूच नये. पुरवणीतला लेख वाचून कुणी आठ वर्षांच्या मुलाच्या हाती कोरडा पॉलिश पेपर दिला असेल, तर ही ओळ त्यांच्यासाठी.

खरी गोची मात्र वरच्या कवचात नाही, चासीत, म्हणजे मोटर आणि चाके असलेल्या खालच्या सांगाड्यात आहे. बहुतेक किटमध्ये नुसते वरचे कवच असते. मोटर, चाके, बोगी दुसऱ्या कुठल्या तयार मॉडेलमधून घ्यायची. एचओ म्हणजे 1:87 प्रमाण धरले तर बफरसकट 17,120 मिलिमीटर लांबीचे खरे इंजिन सुमारे 197 मिलिमीटर होते. बफर बीम म्हणजे बफर जिच्यावर बसतात ती टोकाची आडवी तुळई; एका बीमपासून दुसऱ्या बीमपर्यंत खरी लांबी 15,862, म्हणजे मॉडेलमध्ये 182. या दोन आकड्यांची गल्लत झाली की दीड सेंटिमीटर लांब चासी विकत येते. शिवाय ओतकाम थोडे आकसते. अर्धा टक्का आकसले तरी 182 वर जवळपास एक मिलिमीटर गेला. म्हणून कागदावरच्या आकड्यांवर विसंबू नये. हातात आलेले कवच व्हर्निअरने मोजावे, बोगींच्या मध्यबिंदूंमधले अंतर कवचावर पेन्सिलने आखावे आणि मग चासी शोधावी. लोक आधी स्वस्तात चासी घेतात आणि मग तिला बसेल असे कवच कापत बसतात.

बोगी आल्कोची ट्रायमाउंटच हवी. तिच्या तीन आसांमधली अंतरे सारखी नसतात, आणि ते असमान अंतर बाजूने पाहताच ओळखू येते. जनरल मोटर्सच्या धाटणीची तीन समान अंतरांची बोगी खाली घातली तर वरचे काम कितीही नेटके असो, माहीतगाराची नजर तिथेच अडकते. अमेरिकन आल्को आरएसडी मालिकेच्या एचओ मॉडेलची चासी मिळाली तर सर्वांत बरे. तिथेही एक मेख आहे. अमेरिकन चाक 40 इंची, मॉडेलमध्ये 11.7 मिलिमीटर, आपले 1092 मिलिमीटरचे, मॉडेलमध्ये 12.5. चाके न बदलता कवच बसवले तर इंजिन सुमारे 0.4 मिलिमीटर खाली बसते. चासी आणि कवच यांच्यात तेवढ्या जाडीची प्लास्टिकची पट्टी घालून हे भरून काढता येते.

रुळांच्या रुंदीचा प्रश्न सुटत नाही, तो मान्य करावा लागतो. आपला ब्रॉडगेज 1676 मिलिमीटरचा, 1:87 मध्ये 19.3. बाजारातला एचओ रूळ 16.5 चा, तो 1435 च्या गेजचा. समोरून पाहिले की चाके आत ओढल्यासारखी दिसतात. हट्टाने 19.3 चा रूळ स्वतः घालणारेही असतात, त्यांना दंडवत. बाकीच्यांनी बोगीच्या बाजूच्या चौकटी थोड्या बाहेर काढून नजर फसवावी.

कपलिंगचेही तसेच. आपल्याकडे कपलिंगची कमाल उंची 1105 मिलिमीटर, मॉडेलमध्ये 12.7. केडी या कंपनीचे असतात तसे अमेरिकन मॉडेल कपलर सुमारे 9.9 मिलिमीटरवर बसवण्यासाठी केलेले. आपला ताफा जर केडीवर चालत असेल तर कपलरचा खोका बफर बीमच्या खाली टांगावा आणि बीमच्या मध्यभागी खोटा कपलर दाखवावा. दोन्ही एकाच जागी बसवायच्या नादात बीमला खिंडार पडते.

चासी आधी कवचाशिवाय पळवावी, दोन्ही दिशांना अर्धा-अर्धा तास, मंद वेगात. मगच कवच चढवावे. मोटरच्या फ्लायव्हीलला हूडची आतली भिंत घासत असेल तर ती आतून खरवडावी लागते. भिंत किती पातळ झाली ते उजेडासमोर धरले की कळते. दिवे एलईडीचेच घालावेत. जुन्या पद्धतीचा बल्ब तापतो आणि बंद हूडमध्ये रेझिन मऊ पडते. 12 व्होल्टला 1 किलोओहमचा रोधक पुरतो. वजन वाढवायला इंधनटाकीत शिशाचे छर्रे घालणार असाल तर ते फेव्हिकॉलसारख्या पांढऱ्या गोंदात बसवू नका. बंद जागेत त्या गोंदातल्या आम्लाची शिशावर क्रिया होते, पांढरी भुकटी तयार होऊन फुगत जाते आणि दोन-तीन वर्षांनी इंधनटाकी आतून फुटते. ॲराल्डाइट वापरावे. शिसे हाताळल्यावर हात धुवावेत, हे सांगायला नको.

चिकटवण्याबद्दल लेखात सर्वांत मोठी चूक आहे. प्लास्टिकचा सिमेंट प्लास्टिक विरघळवून जोडतो. रेझिन त्यात विरघळत नाही, म्हणून तो निरुपयोगी. फेव्हिक्विकच्या जातीचा गोंद चालतो, पण तो ओढ सोसतो, धक्का सोसत नाही. हूड आणि अंडरफ्रेमसारख्या मोठ्या सांध्याला ॲराल्डाइट, आणि आतून पितळी तारेच्या खुंट्या. सांधा गुण्यात आहे की नाही ते गोंद लावण्याआधी पाहावे. केबिनच्या काचांजवळ तर फेव्हिक्विक नकोच. त्याच्या वाफेने काचेवर पांढरी साय येते, आणि कोकण-मुंबईच्या पावसाळी हवेत जास्तच. तिथे पांढरा गोंद ठीक, तो वाळल्यावर पारदर्शक होतो.

बुडबुड्यांची भोके बुजवायला फेव्हिक्विकवर चिमूटभर खाण्याचा सोडा टाकण्याची युक्ती सगळे सांगतात. पुढचे अर्धे कुणी सांगत नाही. ते मिश्रण तासाभरात आजूबाजूच्या रेझिनपेक्षा टणक होते. मग घासायला गेले की शेजारचे रेझिन झिजते आणि भरलेला ठिपका फोडासारखा उभा राहतो. भरल्यावर पाच-दहा मिनिटांत घासावे, नाहीतर मॉडेलची पुट्टी वापरावी.

हँडरेल किटमध्ये ओतलेले असतील तर कापून फेकावेत. 0.4 मिलिमीटरची पितळी तार घ्यावी. खऱ्या मापात ती साधारण 35 मिलिमीटरची नळी होते. भोके पिनव्हाइसने (बोटांनी फिरवायच्या छोट्या ड्रिलने), हाताने, 0.45 च्या बिटने. मोटरच्या ड्रिलने रेझिन तापून मऊ पडते आणि बिट अडकते. आधी दाभणाच्या टोकाने खूण करावी, नाहीतर बिट घसरते आणि दहा खांबांची रांग डोळ्यांना बोचेल इतकी वाकडी जाते. किटमध्ये पातळ पितळी जाळ्या असतील तर त्या अर्ध्या कोरलेल्या रेषेवर, रेष आतल्या बाजूला ठेवून, एकदाच दुमडाव्यात. दुसऱ्यांदा दुमडली की तुटते.

रंगाआधी करड्या प्रायमरचा पातळ थर. तो रंगासाठी कमी आणि चुका दाखवण्यासाठी जास्त. हमखास आणखी डझनभर भोके दिसतात. ती भरायची, घासायची, पुन्हा थर. ‘दोन दिवस’ इथेच संपतात. एअरब्रश 0.3 मिलिमीटर तोंडाचा, दाब 15 ते 20 पीएसआय. भर पावसात लॅकर मारू नये, हवेतला ओलावा थरात अडकून रंग दुधाळ होतो.

कोणता रंग, हे विचारण्याआधी कोणते इंजिन आणि कोणते वर्ष ते ठरवावे. शेडप्रमाणे रंग बदलत, एकाच शेडमध्ये काळाप्रमाणेही. काही डब्ल्यूडीएम-2 चे पुढचे छोटे हूड पूर्ण रुंदीचे होते, त्यांना जंबो म्हणत. काहींना डायनॅमिक ब्रेक नंतर बसवले गेले. त्यामुळे एका इंजिनाचा नंबर दुसऱ्याच्या कवचावर टाकला तर कुणीतरी बोट ठेवणारच. त्या नंबरचे त्याच काळातले दोन-तीन फोटो, त्यातला एक छपराचा, हातात असल्याशिवाय कानस उचलू नये. डिकॅल (नंबर आणि अक्षरांचे पातळ छापील चित्रपट्टे) चकचकीत वार्निशवरच लावावेत. मॅट पृष्ठभागावर त्यांच्याखाली हवा अडकून रुपेरी चट्टे दिसतात.

मॉडेल वापरातल्या इंजिनासारखे दिसावे म्हणून मळवताना हात आखडता. आल्कोचा काळा धूर प्रसिद्धच, म्हणून धुराड्यामागे छपरावर काजळी हवी. बोगींवर ब्रेकची तपकिरी भुकटी. 2022 मध्ये संपूर्ण विद्युतीकरण होण्याआधीचे कोकण रेल्वेवरचे इंजिन करणार असाल तर खालच्या भागावर जांभ्याची लाल धूळ, तीही पावसाळ्यातल्या शिंतोड्यांसारखी. घाटमाथ्यावरच्या इंजिनाला हा रंग शोभत नाही.

मुलांना यात जरूर घ्यावे. धुणे, तुकडे मोजणे, पिनव्हाइस, डिकॅल, रुळावरची पहिली फेरी हे सगळे त्यांचे. घासणे आणि कच्चे रेझिन मोठ्यांचे. पुढच्या पुरवणीत जागा कमी असेल तर बाकीचे सोडा, पण ओले घासण्याची आणि मास्कची सूचना त्याच पानावर चौकटीत छापावी, ही विनंती.

आपले,
छोट्या रेल्वेचे काही हौशी, पुणे